पिंपळाखालची चिंधी

नुआन चित्रं काढायची नाही, चिकटवायची. बाटल्यांवरची लेबलं, फुटक्या बशा, तांदळाची गोणपाटं, कालव्यात वाहून आलेल्या चपला, काही म्हणून वाया जाऊ द्यायची नाही. थायलंडातल्या सुफानबुरीच्या त्या गल्लीत लोक तिला भंगारवाली म्हणत आणि ती खुशाल ऐकून घेई. नियम मात्र एक होता: झाडावरचं ओढायचं नाही, पडलेलं उचलायचं. देवळामागच्या पिंपळाला लोक नवस बोलून कापडं बांधत. वाऱ्याने खाली आलेलं कापड कुणाचंच नाही, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. बाईचं चुकलं ते इथेच.

त्या सकाळी बँकॉकहून गाडी यायची होती. पन्नाशीला आलेल्या नुआनचं हे पहिलं प्रदर्शन. मोठं चित्र दाराशी टेकवून ठेवलं होतं, तेवढ्यात समोरची केळी भाजून विकणारी लमदुआन डोकावली आणि जागीच थबकली.

"हे कापड माझ्या पोराच्या, थानूच्या शाळेच्या सदऱ्याचं आहे."

चित्रात एका पोराचा चेहरा होता आणि कपाळाच्या जागी पांढरी चिंधी. निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव रंगाखालून अर्धं दिसत होतं.

"ताई, खाली पडली होती गं."

"पडली म्हणून नवस सुटला? आज तालुक्याला चिठ्ठी उचलायचीये त्याला. काळी आली तर घरी, लाल आली तर फौजेत. माझा भाऊ फौजेतून परत आला नाही, विसरलीस? काढ ती."

नुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिंधीने कुठे चिठ्ठी बदलते, असं ओठांवर आलं होतं. पण आईच्या दुखण्यात तिनेही त्याच फांदीला कापड बांधलं होतं. तिने सुरी घेतली. चिंधी निघाली ती कपाळ आणि एक डोळा घेऊनच. लमदुआनने ती मुठीत धरली, घरातून देवापुढे ठेवायची लाल सरबताची बाटली घेतली आणि पिंपळाकडे धावत सुटली.

गाडीवाल्याने चित्राचं भगदाड पाहिलं. "मावशी, हे कसं नेऊ? सगळं याच्यावरच तर होतं." गाडी रिकामी परतली.

दिवसभर नुआनने अन्नाला हात लावला नाही. प्रदर्शन गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून भीती मोठी होती. लाल आली तर जन्मभर समोरच्या दाराकडे बघायचं कसं?

दिवेलागणीला लमदुआन आली.

"लाल आली."

"ताई, माझ्यामुळे..."

"गप बस." तिने मूठ उघडली. तीच चिंधी. "पिंपळावरून सोडून आणली. परत लाव. सकाळी मला चित्रात आधी माझा थानूच दिसला होता, चिंधी मग दिसली. आता दोन वर्षं कुणाकडे बघू मी?"

नुआनने खळ शिजवली. चिंधी जागेवर ठेवली, तशी लमदुआन मागून म्हणाली,

"जरा वर घे. कपाळ मोठं आहे त्याचं."