डोक्यातला फुगा

सन २०२२. मी अडुसष्ट वर्षांचा. नामपूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचो. ट्रॅक्टरच्या रांगेत कुठंही उभं राहा, माझा आवाज ऐकू यायचाच.

त्या साली ताप काही केल्या हटेना. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाबा, किडक्या दाढेतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसले. तिथून मेंदूच्या नसेत गेले. ती नस फुगलीय, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी." कित्येक आठवडे सलाइनमधून औषध चाललं. ताप गेला, पण फुगा वाढतच राहिला. "कवटी उघडून तेवढा तुकडा काढायला हवा, नाहीतर फुटेल. पण जागा बोलण्याच्या भागाजवळ आहे. वाचा जाऊ शकते."

मी म्हणालो, "काढा. पण आवाज माझा मला परत पाहिजे."

शुद्धीवर आलो तर एक तरुण डॉक्टर समोर पेन नाचवत होता. "बाबा, हे काय आहे?"

मला राग आला. चौथीत शाळा सोडली ती असल्याच प्रश्नांपायी. म्हटलं, अडाणी समजून परीक्षा घेतो काय? मी तोंड मिटलं. त्यानं घड्याळ दाखवलं. मी भिंतीकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. काचेपलीकडं माझा मुलगा रडायला लागला. वाईट वाटलं, पण एकदा नाय म्हटलं की नाय.

मग बायको आत आली. माझ्या कपाळावरची आठी तिनं नीट पाहिली आणि डॉक्टरला म्हणाली, "जाऊ द्या हो. आज बाजारात यांच्या चुलत भावानं लिलाव पुकारला. लोक म्हणे, यांच्यापेक्षा लय भारी!"

"तो?" मी घरच्या अहिराणीत ओरडलो, दुसऱ्या ट्रॅक्टरपर्यंत तरी त्याचा आवाज जातो का म्हणून. "त्याना आवाज दुसरा ट्रॅक्टरलगून तरी जास का?"

डॉक्टरच्या हातातलं पेन खाली पडलं. मुलगा रडता रडता हसायला लागला. बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "घ्या, झाली परीक्षा. पास!"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाय. उभ्या जन्मात तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन दारात दिसली, तशी मी लिलावाच्या आवाजात तिला नावानं हाक मारली. नर्स ओरडली, टाके ताणतील म्हणून. मी पुन्हा हाक मारली.