तिवराची आडवी फांदी

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण पंचाहत्तरी उलटलीय, घरात बोलायला कोणी उरलं नाही... घडलं ते निदान कुठेतरी लिहिलेलं असावं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी भिवंडीत ड्राफ्ट्समन होतो. अंजूरच्या खाडीत तिवरांच्या दाटीत बगळ्यांची घरटी असायची. लोकांना ती बघता यावीत, पण चिखल तुडवला जाऊ नये, म्हणून फळ्यांची उंच पायवाट करायचं ठरलं. आखणी माझ्याकडे होती.

तिथे चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरणारी हिराबाई भेटली. पाखरं अंड्यांवर बसली की ती वाटेत तिवराची हिरवी फांदी आडवी टाकायची. मग गावातलं कोणी त्यापुढे जायचं नाही.

"दादा, तुजी वाट फांदीच्या अलीकडंच थांबव."

"मावशी, इतक्या लांबून लोकांना काय दिसणार?"

"लोकांना दिसल रं... पन पाखरांना पन लोक दिसतील ना!"

मी हसलो, शब्द दिला. पुढे ऑफिसात ‘जवळून दिसलं पाहिजे’ असं ठरलं, आणि मी मुकाट्याने रेघ पुढे ओढली. उद्घाटनाला टाळ्या वाजल्या. सगळे बगळे एकदम उडाले आणि उघड्या घरट्यांवर कावळे तुटून पडले. हिराबाई काठावर उभी होती.

पुढच्या पावसाळ्यात एकही बगळा आला नाही. माणसंही येईनाशी झाली. एका दुपारी मी एकटाच गेलो. मोठ्या भरतीने फळ्यांवर मऊ गाळ बसला होता. जिथे वाट थांबायला हवी होती, नेमकी तिथेच हिरवी फांदी आडवी! ती बाजूला ठेवून टोकापर्यंत गेलो. रिकामी तिवरं, बाकी काही नाही... परत वळलो, तर फांदी पुन्हा आडवी. गाळात पावलं फक्त माझी.

तसाच हिराबाईच्या घरी गेलो — माफी मागायला. ती खाटेवर पडून होती.

"लकवा मारलाय," सून म्हणाली. "शिमग्यापास्नं उठली न्हाय." मग चादर सारखी करता करता ती थबकली. "अगो बाय, आताच तर पुसलेले!"

हिराबाईचे पाय घोट्यापर्यंत खाडीच्या ओल्या चिखलाने भरले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "काळजी घ्या."

दिवाळीआधीच ती गेली.

तो चिखल कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. काय बोलायला गेलो होतो, तेवढं मात्र लख्ख आठवतं —

मावशी, शब्द मोडला मी. चुकलं माझं.