पाण्याच्या पाईपातला बोळा
जुनी साडी टर्रकन फाडली, की मला डिंभ्याच्या धरणातली ती लाँच आठवते. आमचे हे कळंबचे ट्रॅक्टरमिस्त्री. त्यांनी लाँचचं इंजन सगळं खोलून नव्यानं बांधलं आणि पहिल्या फेरीला मलाही कौतुकानं बसवलं. ऐन मधोमध इंजन तापलं. वाफ, जळक्या रबराचा वास, पोरं पोटाशी धरून बसलेल्या बाया. "बाबा, लई पळवलंत तुमी! माझ्या कामात खोट न्हाई," हे सगळ्यांदेखत म्हाताऱ्या नावाड्यावर खेकसले. इंजन गार ठेवायला धरणाचं पाणी ओढणारा पाईप त्यानं सोडवला आणि बोट घालून आतला बोळा काढला. जांभळी चिंधी, पिवळा काठ. माझ्याच साडीची, इंजन खोललेलं असताना कचरा जाऊ नये म्हणून यांनी कोंबलेली आणि काढायची विसरलेली. माझा उतरलेला चेहरा म्हाताऱ्यानं पाहिला आणि मूठ मिटली. "शेवाळ व्हतं, मिस्त्री." "बघा, म्हनलं नव्हतं?" हे सगळ्यांकडं बघून हसले, आणि मीही मान डोलावली. उतरताना म्हाताऱ्यानं तो ओला बोळा गुपचूप माझ्या हातात दिला. आजही यांना कामाला चिंध्या मोजून देते नि मोजूनच परत घेते. हे चारचौघांत हसून सांगतात, "बायको लई चिकट हाय माझी." मी मान डोलावते.