मिलिंदचा नकाशा

मिलिंद वानखडे कंपनीच्या सकाळच्या मीटिंगला गळ्यात शिट्टी घालूनच बसायचा. पडद्यावर पुण्याची मंडळी इस्त्रीच्या शर्टात, आणि हा व्हॉलीबॉल खेळून थेट आलेला, घामेजलेल्या मानेवर टॉवेल टाकून. पहिल्याच आठवड्यात टीमच्या मॅडमनी विचारलं, "काम कुठवर आलं?" मिलिंद म्हणाला, "माह्या बाजूनं झालं, मॅडम. तुमचाच सर्व्हर झोपून राह्यला, त्याले उठवा." सगळे हसू दाबत होते. मीही बुलढाण्याचाच, पण पुण्याच्या माणसांपुढे माझ्या जिभेला आपोआप इस्त्री व्हायची. मिलिंदला ते जमलं नाही, आणि जमावं असं त्याला वाटलंही नाही.

तो जानेफळचा. गावात नेटवर्क रुसलेलं असायचं म्हणून त्याने बुलढाण्यात खोली घेतली होती. आम्ही दोघं एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायचो, म्हणून मीही माझा लॅपटॉप उचलून त्याच्याच टेबलावर जाऊन बसू लागलो. पहिल्या दिवसापासून मी त्याचा 'जोश्या' झालो.

कामात स्वारी भलतीच चिकित्सक. दुसऱ्याने लिहिलेली जुनी ओळ तो विचारपूस केल्याशिवाय काढायचा नाही. "काढाले काय लागते बे? एक बटन. पण कोणासाठी लिहिली होती ते तं पाह्य पह्यले." स्वतःची चूक सापडली की मात्र जेवणाचं ताट सरकवून तो आधी ती दुरुस्त करायचा. मी म्हणायचो, भाकर गार होते आहे, चूक कुठे पळून जाणार आहे? तो म्हणायचा, "चूक दिसली अन् तशीच ठेवली, तं मले घास गिळत नाई."

खामगाव रस्त्याला, बुलढाण्याबाहेर, कडुनिंबाच्या दोन रांगांमध्ये आमचं मैदान होतं. दोन मास्तर, एसटीचा मेकॅनिक, कोर्टातले एक कारकून आणि आम्ही. मी खेळात अगदीच दिवा. "जोश्या, बॉल आहे तो, सत्यनारायणाचा प्रसाद नाई! ओंजळ कायले धरतं?" असं तो भर मैदानात ओरडायचा. निंबांमुळे वैशाखातही ऊन चढेपर्यंत खेळता यायचं. खेळ संपला की मिलिंद उरलेलं पिण्याचं पाणी कुठल्या तरी बुंध्याशी ओतायचा आणि मगच चपला घालायचा.

मग रस्ता रुंद होणार असल्याची बातमी आली. दोन्ही रांगा जाणार आणि मैदानही जाणार. लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. मिलिंद पेटून उठला. "नुसतं 'झाडं वाचवा' म्हटलं तं कोणी ऐकत नाई. नेमकं दाखवा लागते." सुट्टीच्या दिवशी आम्ही टेप घेऊन बुंधे मोजले, फोटो काढले. त्यावरून त्याने नकाशा बनवला. ठिपक्यावर बोट ठेवलं की झाडाचा फोटो, घेर आणि नेमकी जागा समोर. दिसायला इतका देखणा, की कंपनीसाठी आम्ही तसं काही कधी केलं नव्हतं. तो त्याने गावातल्या सगळ्या ग्रुपांवर आणि सगळ्या कार्यालयांना पाठवला.

मी म्हणालो, निदान पासवर्ड तरी लाव.

"काऊन? झाडं काय चोरीचे आहेत? उघडं ठेवलं तं चार लोकं पाह्यतीन."

लोकांनी पाहिला. एका सकाळी आम्ही मैदानावर गेलो, तर ठेकेदाराचा माणूस बुंध्यांवर पिवळ्या रंगाने आकडे घालत होता. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मिलिंदचा नकाशा. माणूस फार अदबीचा होता. "सर, हा तुमीच केला ना? लय भारी काम आहे. आमचा सर्व्हेच वाचला."

मिलिंद हातात बॉल घेऊन तसाच उभा राहिला.

"फक्त हे एक झाड सापडत नाई सर. नकाशात आहे, अन् इथं नाई."

मिलिंदने मोबाइलमध्ये वाकून पाहिलं. मी त्याचं कोपर धरलं, पण तोवर तो बोलून गेला होता. "जागा चुकली. माह्याच हातून चुकली. ते तिकडं आहे, विहिरीमागं." नुसता बोलला नाही, चालत जाऊन दाखवून आला.

"कायले दाखवलं बे?" मी ओरडलोच. "तेवढं एक तरी वाचलं असतं!"

तो माझ्याकडे बघत राहिला. काय झालं ते त्याला तेव्हा कुठे कळलं. "माह्या ध्यानातच नाई आलं, जोश्या," तो म्हणाला आणि मातीतच बसला. शाळेतल्या पोरासारखा हमसून रडला. मास्तर लोक बाजूला होऊन चपला शोधू लागले.

हरकती फेटाळल्या गेल्या. नकाशा त्याने काढून टाकला, पण त्याच्या प्रती आता कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये होत्या त्याचा पत्ता नव्हता. तोड सुरू झाली तेव्हा विहिरीमागचा निंबही पडला. दुसरं मैदान कोणी शोधलं नाही. मीटिंगमध्ये मिलिंद "येस मॅम, डन" एवढंच म्हणू लागला, आणि पुण्याला वाटलं की तो सुधारला. पुढे बंगळूरला नोकरी मिळाली, तर दोन बॅगा घेऊन निघून गेला. त्याने झाडांसाठी पुन्हा काही करावं असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मलाच आता काही वाचेल असं वाटत नाही.

यंदा चैत्रात तो खोली कायमची सोडायला आला. शेगावला गाडीतून उतरला. मी मोटरसायकल घेऊन गेलो होतो. वाटेत आईची तब्येत, बंगळूरचं भाडं, असलंच बोलणं झालं. गाव जवळ आलं तेव्हा भर दुपार होती, डांबर तापलं होतं. मैदान होतं तिथे मी सवयीने गाडी हळू केली.

"थांबतं का?" मी विचारलं. "पाणी पिऊ."

आरशात तो दोन्ही बाजूंना मान वळवून पाहताना दिसला.

"चाल बे," तो म्हणाला. "थांबाले सावली तं पाह्यजे."