मामा पायथ्याशीच बसले

आखातात राहून मेक्सिकोसाठी झुरणारा माणूस सबंध शारजात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नव्वदच्या दशकात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मामा-मामी आमच्या वरच्या मजल्यावर. मामा दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कुणाला सोन्याचं वेड असतं, कुणाला गाडीचं; मामांना मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांच्या पिरॅमिडांचं होतं. तरुणपणी कुठल्याशा मासिकात त्यांनी जंगलातून डोकं वर काढलेलं एक पिरॅमिडाकृती दगडी देऊळ पाहिलं आणि तेव्हापासून ते कामातून गेले. सकाळी दुबईच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की बाकीचे हॉर्न बडवत, मामा स्टिअरिंगवर ताल धरून माया महिन्यांची नावं म्हणत, "पोप, वो, सिप..." त्यांच्याच गाडीने कामाला निघालेला मी शेजारी अर्धवट झोपेत. एकदा तर त्यांनी साहेबाकडे रजा मागताना तारीखच माया पंचांगातली सांगितली. तो लेबनीज गृहस्थ शांतपणे म्हणाला, "हबीबी, पगार कुठल्या कॅलेंडरने देऊ?"

हिवाळ्यात वाळवंटात सहलीला गेलो की मामा फुटपट्टी घेऊन वाळूचा पिरॅमिड रचायला बसत. माझी लेक कंटाळून म्हणे, "आजोबा, इट्स जस्ट सॅण्ड!"

"आज सॅण्ड आहे, राणी. इन्शाल्ला, एक दिवस दगड असेल."

पण रजा मिळाली की विमान मुंबईचं आणि तिथून गाडी देवरुखची. कधी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी पुतणीचं लग्न, कधी घराची कौलं. मामी हसून म्हणत, "इतकी शतकं थांबलेत तुमचे माया, आणखी एक वर्ष थांबतील." मामाही हसत आणि मुकाट्याने बॅगा भरत.

नवं शतक लागलं, जबाबदाऱ्या आटोपल्या आणि मामांनी एकदाची मेक्सिकोची तिकिटं काढली. सोबत आम्ही तिघं. समुद्रकाठच्या हॉटेलात सगळे पाण्यात डुंबत असताना मामा बूट घालून, टोपी चढवून तयार! शेवटी बसने आम्ही तिथे पोचलो. झाडी संपली आणि समोर तो पिरॅमिड उभा राहिला. मामांनी टोपी काढली.

"चला मामा, यल्ला!" मी म्हणालो.

ते पायथ्याजवळच्या झाडाखाली बसले. "तुम्ही व्हा पुढे."

"गुडघा दुखतोय का?"

"गुडघा ठणठणीत आहे रे." मग खालच्या आवाजात म्हणाले, "वर जाऊन आलो की खलास. मग शारजाला परत कशाच्या जोरावर जायचं?"

मामींना ते कळलं असावं. त्यांनी ओढणी कमरेला बांधली, "तुम्ही बसा, मी बघून येते," म्हणाल्या आणि पायऱ्यांवर सोडलेली साखळी धरून तो उभा जिना चढू लागल्या. आयुष्यभर ज्यांनी या वेडाची थट्टा केली, त्या मामी! उतरताना मात्र त्या एकेका पायरीवर बसत, घसरत आल्या. मामांनी धावत जाऊन हात दिला.

"काय दिसलं गं?"

"झाडं. नजर जाईल तिथवर झाडं. हिरवंगार." मामींनी ओढणी सोडून तोंड पुसलं. "अहो, आपण गावी जाऊन राहू या का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारावंसं मात्र रोज वाटत असणार, ते तेव्हा आम्हा सगळ्यांनाच उमगलं. मामांनी त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "राहू या." पिरॅमिडकडे त्यांनी पुन्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वर्षभरात त्यांनी शारजाचं बिऱ्हाड मोडलं; आम्ही मात्र त्याच इमारतीत राहिलो. आता देवरुखहून मामांचा फोन येतो. मामी खूश आहेत, अबोली फुलली आहे, विहिरीला पाणी भरपूर आहे, हे सगळं उत्साहाने सांगून होतं आणि मग त्यांचा आवाज जरा उतरतो.

"काय रे, आमच्या बाल्कनीतून संध्याकाळी खाडी अजून दिसते ना?"

समोर नवा टॉवर उभा राहिलाय. खाडी दिसेनाशी होऊन बरेच दिवस झाले.

"दिसते, मामा," मी म्हणतो.