आईच्या गळ्यातली माळ

“डॉक्टरले काय कळते माळेतलं!” ओसरीवर काका कोणाला तरी सांगत होते. “जीव गेला तरी माळ निंघत नसते.”

मी आत ताटं पुसत होते. त्या दिवशी जानेफळच्या आमच्या घरी महाराज जेवायला येणार होते. आई-बाबांना तुळशीची माळ घातली ती यांनीच, म्हणून त्यांच्या परवानगीशिवाय ती गळ्यातून काढायची नाही, असा घरचा नेम. आणि आईच्या गळ्यात, बरोबर त्या माळेखाली, गाठ होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : गाठ चांगली दिसत नाही, ऑपरेशन लांबवू नका, आणि येताना गळ्यात काही नको. बाबा हात जोडून म्हणाले, “महाराजायले इचारतो अन् सांगतो.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

खरं तर बाबा सहजासहजी कोणाचं ऐकणारे नाहीत. सोयाबीनचं बियाणं कितीही मोठ्या कंपनीचं असो, आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. कोंब नीट फुटले तरच पेरतात. दुकानदार वैतागतो, बाबा हसतात. महाराजांचा शब्द मात्र त्यांनी कधी गोणपाटात घालून पाहिला नाही.

मला तरी बोलायला कोणी शिकवलं होतं? माझ्या इंग्रजी शाळेत ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या प्रश्नाचं उत्तर मॅडम फळ्यावर लिहून द्यायच्या. आम्ही ते पाठ करायचो. एखादा शब्द खरोखर स्वतःचा घातला की मार्क जायचा.

आई पोळ्या लाटत होती. मी हळूच विचारलं, “आई, तुले काय वाटते?”

“मले काय वाटाचं? ते सांगतीन ते.” पोळी उलटून ती म्हणाली, “अन् तू मधात बोलू नको माय. आधीच लोकं म्हणतात, इंग्रजी शाळेनं पोरगी बिघडवली.”

महाराज आले. पाटावर बसले. बाबांनी परातीत त्यांचे पाय धुतले, आईनं पदरानं पुसले. मग तेच पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर आलं. मी माझं गुपचूप ओढणीला पुसलं. आईनं मात्र घेतलं. तो एवढासा घोट गिळायला तिला मान वर करून डोळे मिटावे लागले. खोलीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं. महाराजांनीही.

बाबांनी विचारलं. महाराज गोड हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

“माउली, माळ म्हणजे काय दागिना हाय, काढला अन् ठेवला? चातुर्मास होऊ द्या. कार्तिकी झाली की पाहू. तोवर रोज तीर्थ घ्या. गाठ विरते आपोआप.”

“घ्या! सुटलं कोडं,” काका म्हणाले. बाबांनी मोठा श्वास सोडला. आता काही ठरवायचं उरलं नव्हतं, आणि त्यातच त्यांना सुख होतं. सगळ्यांत जास्त सुटका आईच्या चेहऱ्यावर होती. त्याचा मला राग आला. अजून येतो. जिचा गळा, तिलाच कोणीतरी दुसऱ्यानं विचार केल्याचं एवढं बरं वाटावं!

पंगत बसली. कोणी गाठीचं नाव काढलं नाही. पुरणाची तारीफ झाली.

“पोरी, तूप वाढ,” महाराज म्हणाले.

मी भांडं घेऊन वाकले. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, गप्प राहा असं डोळ्यांनी सांगत. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगून उपयोग नव्हता. ते इथे सगळ्यांना ठाऊक होतं. माळ काढल्याचं पापबिप मी मानत नाही. पण त्या खोलीत दुसरी भाषा चालणारच नव्हती. मी भांडं खाली ठेवलं.

“आई,” मी म्हणाले, “उद्या सकाळच्या गाडीनं आपण बुलढाण्याले जाऊ. माळ मी काढीन. पाप लागलं तं मले लागू दे.”