राजय्यामामांचं मत

गड्यांनो, तालमीच्या फळ्यावर आज माझाच अनुभव लिवतोय. कुणी पुसू नका.

आज म्युनिसिपालटीची निवडणूक. उमेदवाराचा टांगा फुकट, म्हणून मी शेजारच्या राजय्यामामांना कोट घालून त्यात बसवलं. मामा तेलंगणातनं पोरवयात सोलापुरात आले, हितंच माग टाकला, हितंच म्हातारे झाले.

मतदानाच्या जागी टेबलामागल्या कारकुनानं मामांना इचारलं, "रयत कुणाची?"

"निजाम सरकारची. पर घर हितं हाय की! घरपट्टी भरतो."

"मग राहा की खुशाल, कोण हाकलतंय? मत मात्र नाही, ते इंग्रज सरकारच्या रयतेलाच."

मी म्हनलो, "रावसाहेब, घरपट्टी घेताना रयत इचारत न्हाय व्हय?" माणसं हसली. मामा हसले न्हाईत.

भाईर टांगेवाल्यानं इचारलं, "मामा, कुणाला दिलं?"

मामा छाती काढून म्हनले, "ते सांगायचं नसतंय."

गल्लीत वळल्यावर हळूच म्हनले, "बाबू, पुढल्या बारीला तरी घेतील व्हय रं?"

मामांना घरी सोडून मी सरळ ह्या फळ्याकडं आलो. किती वर्सं ऱ्हायलं की माणूस हितला होतो? ठावं असंल त्यानं खाली लिवा. मामांना मी वाचून दाखवीन.